कोंडाजी आबांची वीत

मला खोली भाड्याने देण्यापूर्वी कोंडाजी आबांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. ओसरीच्या टोकाला उभे राहून त्यांनी मला नीट न्याहाळलं, म्हणजे पावलांपासून गुडघ्यांपर्यंत, आणि म्हणाले, "चढून दाखवा."

मी चढलो. पाच पायऱ्या होत्या आणि हातात पत्र्याची ट्रंक होती.

"उतरा. आता बिगर ट्रंकेचं चढा."

मी पुन्हा चढलो. मग त्यांनी मला डोळे मिटून चढायला लावलं. समोरच्या घरातल्या दोन बाया हातातलं काम टाकून बघत होत्या. तिसऱ्या खेपेला आबांनी मान डोलावली. "चालंल. टाच आपटत न्हाई तुमी. पर उतरताना घाई करता. ऱ्हावा."

एकाहत्तर सालचा जून होता. मी नगर शहरात वाढलेला, नुकताच मास्तर झालेला, आणि पहिलीच नेमणूक राजूरला झाली म्हणून साऱ्या जगावर रुसलेला. सपाट रस्ता, सायकल आणि दुपारची झोप एवढ्यावर माझं सुख उभं होतं. राजूरला सपाट असं काही नव्हतंच. आबांचं घर तर थेट उतारावर. पुढच्या अंगाला चार फूट उंच जोतं आणि त्याच्यापुढे खांबांवर उभी असलेली लाकडी फळ्यांची ओसरी. माझी खोली त्या ओसरीच्या एका टोकाला होती. त्यामुळे शाळेत जायचं, पाणी आणायचं, काडेपेटी आणायची, सगळं त्या पाच लाकडी पायऱ्यांवरून.

आबा सहा फुटांचे. तीस वर्षं धरणाजवळच्या एका सरकारी बंगल्याचे चौकीदार होते. तिथे लाकडी व्हरांडा होता आणि तो पावसात कुजू नये हे त्यांचं काम होतं. "सायब आलं, सायब गेलं. पायऱ्या म्या संबाळल्या," असं ते सांगायचे, आणि साहेबांपेक्षा पायऱ्या बऱ्या होत्या असा त्याचा अर्थ असायचा. पेन्शनीत निघाल्यावर शेती धाकट्या भावाकडे सोपवून त्यांनी आपला सगळा जीव स्वतःच्या ओसरीला लावला.

लावला म्हणजे किती? दर रविवारी सकाळी, माझ्या झोपेचा ऐन बहर असताना, ठोकाठोकी सुरू व्हायची. आबा फळीवर कान ठेवून बोटाने टिचकी मारायचे आणि रोग्याची नाडी सापडल्यासारखा चेहरा करून सांगायचे, "ही खोकतीया." खोकणारी फळी निघायची. तिच्या जागी दुसरी बसेपर्यंत ओसरीत भोक. लोखंडी खिळ्याचा त्यांना राग. "खिळा मारायचा तर मंग लाकूड कशाला? पत्राच घ्या." ते लाकडाच्याच खुंट्या तासायचे, भोकात बसवायचे आणि वरून करंजाचं तेल चोळायचे. माझ्या दोन्ही पँटींना त्या तेलाचा असा वास लागला होता की वर्गात शिरण्याआधी मुलांना मी आल्याचं कळायचं.

एकदा शाळा तपासायला आलेले साहेब माझ्याकडे चहाला येणार होते. मी आदल्या दिवशी आबांच्या हातापाया पडून सांगितलं की उद्या कशाला हात लावू नका. त्यांनी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन येतो तो पायऱ्या जाग्यावर नाहीत! पाचही अंगणात उन्हात निजलेल्या आणि आबा त्यांना तेल पाजत बसलेले.

"आबा, अहो साहेब!"

"येऊ द्या की. तीवढं घमेलं पालथं घाला आन् चढा."

साहेबांची पँट नव्या तऱ्हेची, मांडीला घट्ट. साहेबांनी घमेल्यावर एक पाय ठेवला, दुसरा ओसरीवर टाकला आणि टर्रकन आवाज झाला. चहा त्यांनी उभ्यानेच, पाठ भिंतीला लावून घेतला. माझ्या शाळेबद्दल त्यांनी काय शेरा मारला असेल ते सांगायला नको. ते गेल्यावर आबा गंभीरपणे म्हणाले, "गुर्जी, सायबांचा पाय वीतभराच्या वर उचलत न्हाई."

वीत हे आबांचं एकमेव माप. अंगठा आणि करंगळी ताणून धरायची, मधलं अंतर ती वीत. माझ्या फूटपट्टीकडे ते संशयाने बघायचे. "ही लाकडाचीच ना? मंग पावसात फुगत न्हाई व्हय?" त्यांच्या मते उत्तम पायरी वीतभर उंच, हातभर रुंद, आणि पायऱ्या पाच नाहीतर सात, सहा कधीच नाही. गावातल्या लग्नात लोक मांडवातला थाट बघायचे, आबा मांडवामागे जाऊन घराच्या पायऱ्यांना वीत लावून यायचे. "पोरगी बरी हाय, पर घराला पायरी धड न्हाई," असं त्यांनी एका व्याह्यांना तोंडावर सांगितलं होतं. लग्न झालं, पण आबांना आहेराची टोपी मिळाली नाही.

तालुक्याला जाणाऱ्या मोटारीवर तर त्यांचा दातच होता. मोटारीची पहिली पायरी गुडघ्याच्याही वर. बायका कडेवर पोर घेऊन चढताना आबा रस्त्यातच ओरडायचे, "सरकारला गुडघं नसत्यात! बायामानसांनी चढायचं कसं?" शेवटी त्यांनी माझ्याकडून कचेरीला अर्ज लिहून घेतला, की मोटारीची पायरी वीतभर उंचीची करावी. दोन महिन्यांनी कचेरीचं उत्तर आलं. तुमचा अर्ज मिळाला, परंतु वीत म्हणजे किती इंच याचा खुलासा करावा.

मी वाचून दाखवल्यावर आबा लालबुंद झाले. "वीत म्हंजे किती? वीत म्हंजे वीत! येवढंबी कळंना त्यांला आन् मोटारी चालवत्यात!" खुलासा काही गेला नाही. मोटारीची पायरी जिथे होती तिथेच राहिली.

या घरात एक माणूस नव्हतं. आबांच्या बायकोचं नाव सोनाबाई, आणि ती कोतूळला तिच्या भावाकडे होती. मी राहायला आलो त्याच दिवशी विचारल्यावर आबा म्हणाले होते, "चार दिवसांसाठी गेलीया." श्रावणात विचारलं, चार दिवसांसाठी. दिवाळीत विचारलं, तेव्हाही चार दिवसांसाठीच. दुसरी दिवाळी आली तेव्हा मी विचारायचं सोडून दिलं होतं, पण आबा आपणहून कुणालाही सांगायचे, "भाऊ-भैनीचं प्रेम हाय. ऱ्हाईल चार दिस." वाणी सांगायचा, मोठं भांडण झालंय. समोरच्या बाया सांगायच्या, भांडणाचा आवाज तर कधी आला नाही बाई. मूलबाळ नव्हतं. आबा स्वतः भाकरी करायचे आणि ती हमखास करपायची. कधी माझ्या ताटात एखादी टाकून म्हणायचे, "काळी बाजू खाली ठिवा, दिसत न्हाई."

मला त्या माणसाचा वैताग यायचा, आणि जेवताना त्याच्याकडे बघवायचं नाही. दोन्ही खरं आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं ते. जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाऊसच नव्हता, आमच्याकडे निम्मा. कोरड्या हवेने लाकूड आकसलं आणि आबांचं काम दुप्पट झालं. त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षेच्या कामासाठी मला दोन दिवस कोतूळला पाठवलं. निघताना आबांनी एक पाट आणून माझ्या हातात दिला. सागाचा, आरशासारखा घासलेला.

"सोनामामींना द्यायचा का?" मी विचारलं.

"भावाला द्या तिच्या," आबा दुसरीकडे बघत म्हणाले. "त्याच्याकडं बसायला काय नसंल."

भावाचं घर सापडायला वेळ लागला नाही. सोनामामी दारातच सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. चार फूट दहा इंचांची, चिमणीएवढी बाई. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी पाट हातात घेतला, उलटा करून खालच्या खुंट्या पाहिल्या आणि पदराने पुसून शेजारी ठेवला. त्याच्यावर बसल्या मात्र नाहीत.

"कसं हायेत?"

"बरे आहेत."

"ठोकाठोकी?"

"चालू आहे."

त्या तोंडावर पदर धरून खूप हसल्या. मला राहवेना. म्हटलं, "मामी, रागावू नका. आबा म्हणतात चार दिवसांसाठी गेलीय. आता दोन वर्षं होतील."

"चारच दिवस म्हनून आल्ते, गुर्जी. भाचीच्या लग्नाला. गुडघा सुजला हुता. हितं घराला निस्ता उंबरा. पाय टाकला की आत. आठ दिसात सूज उतारली. तवा माझ्या ध्यानात आलं, गुडघा म्हातारा न्हाई झाला, पायऱ्या उंच हायेत."

"मग आबांना सांगायचं ना!"

"सांगितलं की. नवी नवरी हुते तवाच सांगितलं. ते म्हनले, वीतभर तर हाय. मंग मधी एकदा धीर करून पुन्ना सांगितलं. तर त्यांनी समद्या पायऱ्या उखडल्या. दोन महिने खपत हुते. नव्या केल्या, मला बलावलं, म्हनले चढ. मी चढले. पुन्ना तेवढ्याच उंच! त्यांनी इचारलं, कसं? मी म्हनलं, लई बेस." त्यांनी सुपातला खडा बाजूला टाकला. "काय म्हननार, गुर्जी? घामानं निथळत हुते. माज्यासाटी केलं हुतं त्यांनी."

मला आबांचा हात आठवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला की भाकरी झाकेल एवढा पंजा.

"रागबिग काय न्हाई माजा," मामी म्हणाल्या. "मानूस लई चांगला. पन कमरंवर हंडा घिऊन दिसातनं धा येळा त्या पायऱ्या चढायच्या, ते आता माज्यानं व्हायचं न्हाई. ते बलवाया येत न्हाईत, मी काय सांगून धाडत न्हाई. असंच चाललंय. जेवत्यात का वक्तावर?"

मी म्हटलं, "मामी, तुमची वीत दाखवा."

त्यांनी लाजत हात पुढे केला, बोटं ताणली. बारा वर्षांच्या मुलीची असावी एवढी ती वीत. मी त्यांना म्हटलं, हिचं माप द्या मला. त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं तेव्हा त्या उठल्या, कुडाच्या भिंतीतली कारवीची एक काडी ओढून काढली, तिच्यावर आपला हात ठेवला आणि विळ्याने दोन्ही टोकं उडवली. काडी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "त्यांला वाईट वाटंल असं सांगू नका."

राजूरला परत आलो तर आबा पायरीपाशीच बसलेले. "पाट पसंत पडला का... भावाला?"

"पडला. त्यांनी हे दिलंय."

"काय ह्ये?"

"वीत."

"कुनाची?"

"मामींची."

आबा हसले. "आवं गुर्जी, वीत वीत असती. कुनाची म्हंजे काय?" आणि गमतीनेच त्यांनी आपला हात त्या काडीशेजारी ताणला. काडी संपली आणि आबांचा हात पुढे चार बोटं उरला. त्यांनी हात उचलला, धोतराला पुसला आणि पुन्हा लावला. चार बोटं. मग काडी उलटी करून लावली. तरीही चारच बोटं.

"हिचं लगीन होऊन तीस वर्सं झाली," काडी बोटांत फिरवत ते म्हणाले. "म्या पायऱ्या किती येळा बदलल्या असत्याल, गुर्जी? आन् ही म्हनायची, लई बेस."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या त्या."

"त्येच की," आबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

पुढचा रविवार शांत गेला. ठोकाठोकी नाही, तेलाचा वास नाही. हवं तेवढं झोपायला मोकळीक होती आणि मला डोळा लागेना. ज्या माणसाने साऱ्या मुलखाच्या पायऱ्या तपासल्या, मोटारीच्या पायरीवरून बायामाणसांसाठी सरकारशी भांडण केलं, त्याच्या स्वतःच्या घरात एक बाई तीस वर्षं दुसऱ्याच्या मापाने चढत होती. हे त्याला त्या काडीने सांगितलं होतं, आणि काडी आणणारा मी होतो. मला भारी अपराधी वाटत होतं.

मग एका सकाळी पायऱ्या निघाल्या. या खेपेला पाच निघाल्या त्या पुन्हा बसवायला नव्हेत. कमी उंचीच्या म्हणजे सात लागणार, म्हणजे लाकूड जास्त. सागाच्या जुन्या, मुरलेल्या फळ्या आता मिळायच्या कुठे? आबांनी ओसरीचा मावळतीकडचा कोपरा उखडला. रोज संध्याकाळी ते तिथे बसून तंबाखू मळायचे, डोंगराकडे बघायचे. साऱ्या ओसरीत ती जागा त्यांची लाडकी, तिथली फळी कधी खोकली नव्हती. तीन फळ्या काढल्या आणि तिथे नुसते खांब उभे राहिले.

मी म्हटलं, "आबा, आता बसणार कुठं?"

"बशीन की कुटंबी. माजं गुडघं धड हायेत."

कारवीची काडी त्यांनी मुंडाशात खोचली होती. प्रत्येक पायरीला ती लावायची, डोळा बारीक करून बघायचं, पुन्हा तासायचं. सात पायऱ्या उतरत उतरत थेट बोळापर्यंत आल्या. गाव हसलं. वाणी म्हणाला, पोरांच्या शाळेला केल्यात काय? खुद्द आबांचे पाय तर जुन्या उंचीला सरावलेले. ते पाऊल उंच उचलायचे, पायरी आधीच यायची आणि सहा फुटांचा देह धाडकन पुढे जायचा. दोनदा ते तोंडघशी पडता पडता वाचले. "लई झ्याक झाल्यात," उठून म्हणायचे.

शेवटी माझ्याकडे आले. "कागुद घ्या. लिवा. पायऱ्या सात. उंची काडीपरमानं. रुंदी हातभर. लाकूड साग. हलत न्हाईत."

मी लिहिलं. "पुढे?"

"बास."

"अहो, 'निघून या' असं लिहू ना?"

"नगं. तसं लिवलं तर ती भिडंनं यील. आन् भिडंनंच लई बेस म्हनंल." मग हळू आवाजात म्हणाले, "लिवा, उंच वाटल्या तर पुन्ना करीन."

पत्र टाकलं. त्यानंतर रोज अकराच्या मोटारीच्या वेळी आबांना अंगणात काहीतरी काम निघायचं. मोटार यायची, लोक उतरून आपापल्या वाटेने जायचे, आबा हातातलं हत्यार खाली ठेवून आत जायचे. एक आठवडा गेला. दुसरा गेला. पत्र पोचलं नसेल असं मी म्हणायचो. मी रोज शाळेतून येताना आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि मग विचारायचं टाळायचो.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी ओसरीवर दाढी करत होतो. बोळाच्या तोंडाशी सोनामामी दिसल्या. मागे भाऊ, त्याच्या एका हातात गाठोडं, दुसऱ्या बगलेत तो पाट. मी अर्ध्या दाढीने ओरडलो, "आबा!" पण अंगणात आबा नव्हते. घरातूनही ओ आली नाही. समोरच्या बाया बाहेर आल्या, वाणी आला. मामी पहिल्या पायरीपाशी येऊन थांबल्या. वर बघितलं, पायरीकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. दारात कुणी नाही. मी वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, इथवर आलेली बाई आता मागे फिरते की काय.

तेवढ्यात आबा आतून आले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

बऱ्याच दिवसांनी घरचं माणूस परत आलं, की उंबऱ्याबाहेर थांबवून त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात. हे काम घरच्या बाईचं. आबांच्या घरात दुसरी बाई नव्हती. सहा फुटांचा तो माणूस साऱ्या बोळासमोर सात पायऱ्या उतरून खाली आला आणि बायकोवरून भाकरी ओवाळू लागला. कुणी हसलं नाही. समोरच्या बाईने पदर डोळ्यांना लावला. माझ्या तोंडावरचा साबण वाळून गेला होता आणि मला खरंच रडू येत होतं.

"आवं, उलटा हात फिरीवताय," मामी पुटपुटल्या.

आबांनी हात सुलटा फिरवला. तुकडा दोन्ही अंगांना टाकला. मामींनी बाजूला पडलेल्या तुकड्याकडे बघितलं. काळाकुट्ट होता. आबांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि बाजूला झाले.

मामी चढल्या. कठडा न धरता, गुडघ्यावर हात न ठेवता, एकेक करून सातही. वर पोचल्यावर वळल्या. आबा खाली रिकामा तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारायचं धाडस होत नव्हतं, हे मला वरून स्पष्ट दिसत होतं.

"तिसरी वाईच उंच हाय," मामी म्हणाल्या.

मी आबांकडे बघितलं. इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"हाय का?" आबा म्हणाले. "आदी जेव. मंग बघू."